पाटी कुणाच्या नावावर?

घरातला कुठला कागद कुठं आहे, हे शेवटी आपल्यालाच विचारावं लागतं. गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड, मुलांच्या जन्माचे दाखले, विम्याच्या पॉलिस्या, घरपट्टीच्या पावत्या, झालंच तर मिक्सरचं वॉरंटी कार्ड. कपाटापुढे उभं राहून "अगं, ते कुठंय?" अशी हाक येते आणि आपण कणकेच्या हातानंच खालचा खण दाखवतो. पण मैत्रिणींनो, अलीकडे घरात एक असं कपाट आलं आहे की ज्याला ना दार ना कडी. त्याची किल्ली कुणाकडे आहे, ते आपल्यातल्या कितीजणींना सांगता येईल?

वेबसाइटबद्दल बोलतेय मी. "आमची कुठली आलीय वेबसाइट!" म्हणून लगेच पान उलटू नका. कुणी मसाले करून विकतं, कुणी शिवणाचे वर्ग चालवतं, कुणी दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतं. अशा घरांतून आता वेबसाइट असते. माल बाईच्या हातचा असतो, नावही बाईचंच घेतात लोक; पण साइट मात्र "आमच्या ह्यांनी करून घेतलीय", "भाचा बघतो ते सगळं" अशी असते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नेमकं तसंच होतं. त्या सांगलीला असतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. गेली पंचवीस-तीस वर्षं त्यांचा हा उद्योग आहे. २००८ साली भाऊजींनी गावातल्या एका छपाईवाल्याकडून वेबसाइट करून घेतली. दुकानाला पाटी हवीच, असं त्यांचं म्हणणं. भाऊजी दोन वर्षांपूर्वी गेले. भाजणी थांबली नाही, कारण जुनी गिऱ्हाइकं फोनवर मागणी सांगतात. वेबसाइट आहे हे जाऊबाईंना माहीत होतं, आपल्या घराला गच्ची आहे हे माहीत असतं तितपतच.

ह्या जानेवारीत मी लेकीकडे इंग्लंडात, शेफील्डला होते. ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. एका शनिवारी सकाळी उठून बघते तर खिडकीबाहेर सगळं पांढरं! रात्रभरात वीतभर बर्फ पडला होता. "दुपारी फिरायला जाऊ," लेक म्हणाली, "पण आधी मोठ्या काकूचं काम." मग शेगडीवर आल्याचा चहा, टेबलावर तिचा लॅपटॉप, आणि व्हिडिओवर सांगलीहून जाऊबाई. आमचे सकाळचे नऊ, त्यांचे दुपारचे अडीच. त्यांच्यामागे ओटीवर छोट्या छोट्या पुड्यांचा ढीग. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची गर्दी असते ना, वाण म्हणून मेतकुटाच्या पुड्या लुटायची टूम निघालीय तिकडे. ज्या समारंभाचं काही घरांतून त्यांना आता बोलावणं येत नाही, त्याच समारंभाची वाणं जाऊबाई भरून देतात. हे त्या बोलत नाहीत, म्हणून मीही इथं जास्त बोलत नाही.

तर काम. लेकीनं आधी आम्हा दोघींना समजावून सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नव्हे, तीन आहेत. एक नाव, म्हणजे दुकानाची पाटी; त्याला डोमेन म्हणतात. दुसरा गाळा, म्हणजे जिथं सामान ठेवलंय ती जागा, ते होस्टिंग. आणि तिसरी आतली मांडणी, म्हणजे फोटो, भाव, मजकूर. गाळा बदलता येतो, मांडणी रोज बदलता येते, पण पाटी एकदा दुसऱ्याकडे गेली की गेली. आणि गंमत म्हणजे ही पाटी कायमची विकत मिळतच नाही. वर्षाच्या बोलीवर घ्यायची, पैसे भरून मुदत वाढवत राहायचं. डॉट कॉमचं नाव एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी घेता येतं. मुदत टळली तर लगेच जात नाही. बहुतेक कंपन्या काही दिवस सांभाळून घेतात, मग तीस दिवस दंड भरून सोडवता येतं, नंतर आणखी पाच दिवसांत ते बाजारात मोकळं होतं. मग कुणीही घ्यावं. तुमच्या नावाच्या पाटीखाली दुसराच कुणीतरी काहीही विकायला बसू शकतो.

जाऊबाईंच्या पाटीची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

सूचना आल्या नव्हत्या असं नाही. पण त्या जात होत्या भाऊजींच्या ईमेलवर, आणि तो दोन वर्षांत कुणी उघडला नव्हता. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. नवा मागितला तर त्याचा आकडा येणार भाऊजींच्या मोबाइलवर. लेक अडखळत म्हणाली, "काकू, काकांचा फोन... तो नंबर बंद झाला असेल ना गं?"

जाऊबाई काही न बोलता उठल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात तो जुना फोन होता, चालू. दर रविवारी त्या तो चार्ज करतात, रिचार्जही मारतात. का, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मिनिटभरात त्यावर आकडा आला. त्यांनी चष्मा वर सरकवून एकेक अंक मोठ्यानं वाचला आणि मेल उघडला.

आत दोन वर्षांची टपालं. जाहिरातींचा केरकचरा बाजूला केल्यावर मुदतीच्या सूचना सापडल्या, आणि त्यांच्यामध्ये वेबसाइटवरून आलेल्या चौकश्या. भाजणी किती दिवस टिकते, पुण्याला पाठवाल का, मेतकुटात हिंग कुठला घालता, लेकीच्या बाळंतपणासाठी हवंय. लेकीनं मोजल्या, सदतीस.

जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सदतीस जणींना वाटलं असेल, काय बाई आहे, उत्तरसुद्धा देत नाही."

मुदत वाढवण्याचं काम त्यानंतर दहा मिनिटांत झालं. पैसे जाऊबाईंच्या कार्डातून गेले. लेक म्हणत होती दहा वर्षं घे. "पाच पुरेत," त्या म्हणाल्या, "पुढचं पुढं."

मग मांडणीकडे वळलो. फोटो इतके जड की पान उघडेस्तोवर भाजणी भाजून व्हावी. फोनमधला फोटो चार-चार एमबीचा असतो. वेबसाइटला दोनशे केबीचा पुष्कळ झाला. ते सगळे लहान केले. खरी पंचाईत होती ती "आमच्याविषयी" ह्या पानाची. छपाईवाल्यानं ते त्याच्या छपाईच्या फॉन्टमध्ये टाकलं होतं. त्या काळी ही रीतच होती; तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर असेल तिथंच मराठी दिसायचं, बाकी सगळीकडे इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणजे फोनवरून ते पान वाचणाऱ्याला इतकी वर्षं नुसती भेळच मिळत होती. आता युनिकोड नावाची सोय आहे, तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे कुठल्याही फोनवर मराठी ते मराठीच दिसतं. जुन्याचं नवं करून देणारी साधनंही मिळतात. लेकीनं मजकूर त्यातून काढला, तर "पुऱ्या" च्या जागी "पुर्या"! आपल्या मराठीचा तो अर्धा ऱ बिचारा ह्या बदलाबदलीत नेहमी मार खातो. जाऊबाईंनी सांगलीहून पडद्यावर बघितलं आणि फटकारलं, "असल्या पुर्या मी करत नाही. नीट लिही." लेकीनं हातानं एकेक ऱ बसवला, पानाची भाषा मराठी आहे अशी आत खूण केली, तेव्हा ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे उमटले. ही खूण राहिली तर पुष्कळदा हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. साइट करून घेणार असाल तर करणाऱ्याला एवढं जरूर सांगा.

आणि मग ते पान वाचता आलं. भाऊजींनी लिहिलं होतं. आमच्याकडे प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, एकत्र नाही. बाजरी निराळी, उडीद निराळे, धने शेवटी. किती वेळ, ते घड्याळावर ठरत नाही; सौ. वासावरून सांगते आणि ती चुकत नाही. दोनदा मी घड्याळ लावून पाहिलं, दोन्ही वेळा घड्याळच चुकलं.

जाऊबाईंनी हे कधी वाचलेलंच नव्हतं. वेबसाइट हे त्यांचं खातं, म्हणून त्या कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या.

लेकीनं हळूच विचारलं, "काकू, इथं 'सौ.' आहे. काय करू?" आणि लगोलग दुसरं, "पाटीच्या नोंदीत मालक म्हणून काकांचं नाव आहे. ते बदलून तुझं लावायला अर्ज करावा लागेल."

"त्यांचं नाव काढायचं?" जाऊबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "संध्याकाळी सांगते गं." फोन ठेवला.

आम्हीही मग फार न बोलता बुटांची तयारी केली.

बर्फात चालायला जाणाऱ्यांसाठी इथं थोडं घरगुती सांगते, कारण आता आपल्यातल्या किती तरीजणी मुलांकडे थंडीत जातात आणि नुसता जाड कोट चढवून बाहेर पडतात. अंगालगत सुती कपडा नको. आपल्याकडे सुती म्हणजे उन्हाळ्याचा सोबती, पण बर्फात तो घाम पिऊन ओला राहतो आणि मग थंडी हाडात शिरते. आत लोकरीचं किंवा ती थर्मलची बंडी मिळते ते, वर स्वेटर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं पातळ जाकीट. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. मोजे लोकरीचे, पण बूट आवळतील इतके जाड नकोत. पाय आवळला की जास्त गारठतो. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, थंडीनं बॅटरी भराभरा उतरते. आणि खिशात तिळाच्या वड्या! गूळपोळी न्यायची तर हाताशी गरम चहा पाहिजे, कारण ती गारठून पत्र्यासारखी होते.

शेफील्डहून आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर ईडेल नावाचं खेडं आहे. वाटेत साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. कसाऱ्याच्या बोगद्यांत मुलांना "आता येईल उजेड, आता येईल" म्हणून समजवायची सवय असलेली मीसुद्धा मनात आकडे मोजू लागले. बाहेर पडलो आणि डोळे दिपले. दोन्ही अंगांना पांढरे डोंगर, मधे दरी, दरीत चार काळ्या दगडी घरांचे पुंजके आणि दगडावर दगड रचून, चुना-माती न वापरता घातलेल्या कुंपणांच्या काळ्या रेघा. कुणी पांढऱ्या साडीवर काळ्या दोऱ्यानं धावदोरा घालावा तशा. मेंढ्या एरवी पांढऱ्या म्हणवतात, पण ताज्या बर्फावर अगदी पिवळट दिसतात, धुवायला टाकलेल्या जुन्या चादरीसारख्या. आणि शांतता केवढी! भुसभुशीत बर्फ आवाज पिऊन टाकतो. आपल्या पायाखालची करकर तेवढी ऐकू येते.

डोंगराचं नाव किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर, म्हणजे आमच्या नाशिककडच्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण बर्फात आणि धुक्यात वर वाट हरवते, तेव्हा आम्ही खालूनच जायचं ठरवलं. गावातल्या जुन्या खानावळीपासून पेनाइन वे ही पायवाट सुरू होते. ती थेट स्कॉटलंडपर्यंत, ४३१ किलोमीटर जाते. आम्ही तिचे पहिले दोन-अडीच किलोमीटर घेतले, अप्पर बूथ नावाच्या वस्तीपर्यंत. बूथ म्हणजे गुराख्यांची निवाऱ्याची झोपडी. अशा पाच बूथांचं मिळून हे खोरं.

वाट सरळ लोकांच्या शेतांतून जाते. मला सारखं वाटत होतं की आत्ता कुणी शेतकरी "कोण तिकडं?" म्हणून ओरडेल. लेक हसली. "आई, शेत त्याचं, वाट सगळ्यांची." कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, खांबावर पिवळा बाण असतो. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. हे मात्र कुणी सांगायला नको, गोठा असलेल्या घरातल्या माणसाला कळतंच.

पण ही वाट आपोआप सगळ्यांची झालेली नाही, बरं का. ह्याच किंडरवर पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी पक्षी राखायचे, आणि गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना रविवारीसुद्धा वर पाऊल टाकायची बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण मुद्दाम चढून गेले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. पुढे १९४९ साली कायदा झाला, आणि त्यानं काय केलं तर नोंदणी सुरू केली. कुठल्या वाटेवरून लोकांचा हक्क आहे, ते प्रत्येक परगण्यानं नकाशावर लिहून ठेवायचं. नकाशावर असलेली वाट मालकाला मनाला येईल तशी बुजवता येत नाही. पण ज्या वाटा त्या वेळी नोंदवायच्या राहून गेल्या, त्यांच्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या चाललेली असली तरी भांडावं लागतं. २००० सालच्या कायद्यानं जुन्या वाटा नोंदवायला २०२६ ची मुदत घातली, पुढं ती २०३१ वर नेली, आणि २०२४ च्या डिसेंबरात तिकडच्या सरकारनं ती मुदत रद्दच करणार असल्याचं जाहीर केलं. तोवर कितीतरी लोक सुट्टीच्या दिवशी जुने नकाशे घेऊन बसत होते.

पायरीवर चढून कुंपणाच्या माथ्यावर मी दम खायला बसले. "सातबाराच म्हणायचा हा," मी म्हटलं. सासूबाईंनी जन्मभर ज्या रानात खुरपलं, त्याच्या उताऱ्यावर त्यांचं नाव लागलं ते सासरे गेल्यावर, तेही फेरफारासाठी तलाठ्याकडे चार खेपा झाल्यावर. १९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी म्हणून. आमच्या घरी तेव्हा ती चर्चेचा विषय झाली, चहाबरोबर संपली.

"काकूला तेच कळत नाहीये," लेक म्हणाली. "तिला वाटतंय आपण काकांना पुसतोय."

"कळतंय तिला," मी म्हटलं. "कळतंय म्हणूनच संध्याकाळपर्यंत वेळ मागितलान."

अप्पर बूथहून परत फिरताना रस्त्यानं आलो. साडेचारला तिकडे सूर्य मावळतो, त्यामुळे सव्वातीनलाच उन्हाला केशरी रंग चढला आणि बर्फ निळसर दिसायला लागला. दरीत फोनची रेंज येते-जाते. स्टेशनावर आलो, तेव्हा लेकीच्या फोनवर जाऊबाईंचे तीन निरोप एकदम येऊन पडले.

पहिला: "अर्ज कर. नाव माझं लाव. कागद काय लागतील ते सांग."

दुसरा: "सौ. काढ. श्रीमती घालू नको. नुसतं नाव लिही. बाकी त्यांनी लिहिलंय त्याला हात लावायचा नाही."

तिसरा: "भाजणीचा भाव दोन वर्षांपूर्वीचा आहे. तो आधी बदल."

तुमच्या घरी अशी पाटी असेल तर एक वही करा आणि ती विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. नाव कुठल्या कंपनीकडे नोंदवलंय, मुदत कधी संपते, मालक म्हणून कुणाचं नाव आहे, सूचना कुठल्या ईमेलवर आणि कुठल्या मोबाइलवर जातात, हे त्यात लिहा. पासवर्ड लिहायचाच तर त्या वहीत लिहा आणि वही कुलपात ठेवा. फ्रिजवर चिकटवू नका. साइट करून देणाऱ्यानं नाव स्वतःच्याच नावावर घेतलंय का ते विचारा, घेतलं असेल तर गोडीत असतानाच बदलून घ्या. आणि "मुदत संपतेय, ताबडतोब इथं पैसे भरा" अशी पत्रं भामटेही पाठवतात. पत्रातल्या दुव्यावर बोट न ठेवता आपण होऊन कंपनीच्या साइटवर जाऊन तारीख बघा.

सोमवारी जाऊबाईंनी मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं पाठवली. कंपनीनं आणखी एक कागद मागितलाय, तो गेलाय. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. त्या सदतीस चौकश्यांना मात्र त्या उत्तरं लिहिताहेत, रोज दोन, दुपारची झाकपाक झाल्यावर. पहिली पाठवण्यापूर्वी लेकीला विचारून घेतलं त्यांनी: "दोन वर्षांनी उत्तर देताना सुरुवात काय करायची असते गं?"